उलटत नाही म्हणून सुरक्षित, हा हिशेब चुकीचा

मा. संपादक,

स. न. वि. वि.

सुट्टीतल्या शिबिरांवर आपल्या पुरवणीत जो लेख आला, त्यात शिडाच्या होड्यांबद्दल एक परिच्छेद होता. लहान डिंगी वाऱ्याने उलटते, मोठ्या कीलबोटीच्या तळाला वजन बसवलेले असल्यामुळे ती उलटत नाही, सबब मुलांना पहिल्यांदा कीलबोटीवरच घाला, असा त्यात पालकांना सल्ला आहे. पहिली दोन विधाने ढोबळमानाने बरोबर आहेत. माझे भांडण त्या ‘सबब’शी आहे.

मी करंज्याचा. नौदलातून निवृत्त झाल्यापासून मुंबई बंदरात शीड शिकवतो, मुलांना सकाळी आणि हापिसातून पळून आलेल्या मोठ्यांना दुपारी. लेख आल्यापासून पालक विचारू लागले आहेत की आमच्या मुलीला त्या ‘टबातून’ काढून मोठ्या बोटीवर कधी घेणार. पालकांची भीती मला कळते. डिसेंबर २०२४ मध्ये गेटवेहून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ला नौदलाच्या स्पीडबोटीची धडक बसली आणि माणसे गेली, ते चित्र कोणी विसरलेले नाही. पण तो इंजिनांचा अपघात होता. शिडाची गोष्ट वेगळी आहे, आणि शिडातही डिंगीची वेगळी, कीलबोटीची वेगळी.

ज्याला ‘टब’ म्हणतात ती ऑप्टिमिस्ट. लांबी २.३ मीटर, रिकामी ३५ किलो, एकच शीड. पंधरा वर्षांपर्यंतची मुले जगभर हिच्यावर शिकतात. पुढची पायरी लेझर, हल्ली तिला इल्का म्हणतात. ती सव्वाचार मीटर, रिकामी ५९ किलो. आता आकडे नीट पाहा. सत्तर किलोचा माणूस लेझरवर बसला की बोटीपेक्षा खलाशी जड होतो. मधली फळी, म्हणजे डॅगरबोर्ड, बोटीला बाजूला घसरू देत नाही, पण ती हलकी असते, तोल सांभाळण्याचे काम तिचे नाही. तोल सांभाळायला तुम्हीच. वाऱ्याचा झोत आला की पट्ट्यात पाय अडकवून अंग बाहेर झोकायचे, त्याच क्षणी शिडाची दोरी थोडी सैल करायची आणि सुकाणूचा दांडा किंचित सोडून नाळ, म्हणजे होडीचे पुढचे टोक, वाऱ्याकडे येऊ द्यायची. तिन्ही गोष्टी एका दमात. एकीला उशीर झाला की मंडळी पाण्यात.

आणि पाण्यात पडणे हाच धडा असतो. पहिल्या आठवड्यात आम्ही मुलांना मुद्दाम होडी उलटवायला लावतो. दोरी सोडा, होडीला धरून राहा, ती सोडून किनाऱ्याकडे पोहायला लागू नका, फिरून फळीवर चढा, काठ धरून मागे झुका, होडी उभी राहते, आत सरका. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला मुले हसायला लागतात. आपल्या बंदरात पाणी उथळ आणि खाली गाळ, त्यामुळे होडी पूर्ण पालथी झाली की डोलकाठीचे टोक कधीकधी चिखलात रुतते आणि वर येताना काळा लेप घेऊन येते. मग सेफ्टी बोटीवरच्या माणसाला हाक मारायची. अंगात लाइफ जॅकेट, जवळ सेफ्टी बोट आणि वाऱ्याचा अंदाज, या तीन गोष्टी जागेवर असतील तर डिंगीचे उलटणे म्हणजे भिजणे, एवढेच.

आता कीलबोट. मुंबईत शर्यतींना जे-२४ धावते, तिचेच उदाहरण घेतो. १९७० च्या दशकात अमेरिकेत रॉड जॉनस्टन यांनी आपल्या घरच्या गॅरेजमध्ये पहिली बांधली. पुढे तशा पाच हजारांवर बोटी झाल्या. लांबी साडेसात मीटरच्या आतबाहेर, वजन सुमारे १४०० किलो, त्यातले ४३० किलोच्या आसपास तळाच्या कीलमध्ये, म्हणजे बुडाखाली उतरलेल्या जड पात्यात. हे झाले नीरम, तोल राखायचे वजन. आमच्या वाडवडिलांच्या गलबतांत नीरम म्हणून दगड भरत, इथे ते पाण्याखाली सव्वा मीटर खोल टांगलेले असते. बोट सरळ उभी असताना ते वजन काहीच करत नाही. ती कलू लागली की ते एका बाजूला उचलले जाते आणि मागे ओढू लागते, आणि जितकी जास्त कलेल तितकी ओढ वाढते. डिंगीचे उलटे आहे. ती सपाट असताना तुमच्या अंगाचा उपयोग सर्वात जास्त. एकदा एका मर्यादेपलीकडे कलली की तुम्ही कितीही झोका, ती जाणारच.

म्हणून झोत आला तर कीलबोटीवर नवशिक्याला वाटते की काही बिघडले नाही. बोट कलते, कपातला चहा सांडतो, लोक ओरडतात, पुन्हा सरळ होते. सुकाणूवरच्या माणसाने काय चूक केली ते त्याला कळतही नाही. शीड जास्त ताणलेले होते, सुकाणू जड झाले, बोट स्वतःहून वाऱ्याकडे वळू पाहत होती आणि हा दांडा छातीशी ओढून तिच्याशी कुस्ती खेळत होता. दांडा इतका ओढला की पाण्यातले सुकाणूचे पाते ब्रेकसारखे आडवे उभे राहते. वेग मरतो. डिंगीने हे सगळे त्याला त्याच सेकंदाला, खारे पाणी नाकात घालून समजावले असते. मी शिकाऊ लोकांना सांगतो, डिंगी रोखीने वसूल करते, कीलबोट उधारीवर. उधारीची मजा अशी की रक्कम कळते ती वसुलीला माणूस दारात आल्यावर.

ती वसुली कशी होते, ते सांगतो.

एक, पाणी आत येणे. वाऱ्याबरोबर, मोठे फुगीर स्पिनेकर शीड लावून जाताना झोत आला आणि सुकाणू पाण्याबाहेर निघाले की कीलबोट आडवी झोपते. कील तिला परत उभी करते, हे खरे. पण त्या अर्ध्या मिनिटात कॉकपिटमधल्या, म्हणजे बसायच्या खोलगट जागेतल्या, कप्प्याचे झाकण उघडे असले तर त्यातून पाणी थेट पोटात जाते. डिंगी उलटली तरी तरंगते, कारण तिच्यात हवेचे बंद कप्पे असतात आणि तळाला शिसे नसते. कीलबोट उलटत नाही हो, पण पाणी भरले तर ती बुडते, आणि मग जे वजन तुम्हाला सुरक्षित ठेवत होते तेच तिला तळाशी नेते. शर्यतीआधी मी कप्प्यांच्या कड्या लावल्या का हे विचारत फिरतो तेव्हा तरुण पोरे डोळे फिरवतात. फिरवू देत.

खोल समुद्रात तर कीलबोट पूर्ण गडगडूही शकते. एकट्याने पृथ्वीला वळसा घालायच्या गोल्डन ग्लोब शर्यतीत सप्टेंबर २०१८ मध्ये दक्षिण हिंदी महासागरात कमांडर अभिलाष टॉमी यांच्या ‘तुरिया’चे तेच झाले. लाटांनी बोट फिरवली, डोलकाठी मोडली, टॉमी यांच्या पाठीच्या कण्याला मार बसला, आणि तरीही बोट सरळ झाली. तीन दिवसांनी ‘ओसिरिस’ या फ्रेंच जहाजाने त्यांना उचलले. बोट सरळ झाली म्हणून ते वाचले. पण ‘उलटत नाही’ हे वाक्य त्यांच्यासमोर कोणी उच्चारू नये.

दोन, थांबणे. इथे मला जरा रेंगाळायचे आहे, कारण डिंगीवरून कीलबोटीवर येणारे भलेभले इथेच फसतात. डिंगीला ब्रेक आहे: नाळ वाऱ्यात घाला, दोरी सोडा, शीड फडफडू लागते आणि दोन होडीलांब्यांत ती उभी राहते. किनाऱ्याजवळ असाल तर कमरेएवढ्या पाण्यात उडी मारून हाताने धरा. कीलबोट १४०० किलोची, वर चार-पाच माणसे. शीड सोडले तरी ती आपल्या मनाने तीन-चार लांब्या चालत राहते, वारा मागून असेल तर त्याहूनही जास्त. म्हणजे बोयावर, बोट बांधायच्या तरंगत्या पिंपावर, पोचायचे असेल तर थांबण्याचा निर्णय बोया अजून बराच पुढे असताना घ्यावा लागतो. त्यात आपल्या बंदराची ओहोटी. उधाणाच्या दिवशी पाणी सहज दोन नॉटांनी, म्हणजे ताशी पावणेचार किलोमीटरच्या आसपास, बाहेर ओढते. वारा वायव्येचा आणि पाणी दक्षिणेकडे चाललेले, अशा दुपारी बोयावर वाऱ्याच्या बाजूने यायचे की पाण्याच्या, हा प्रश्न पडतो. उत्तर ठोकळ सांगतो: तिथे आधीच नांगरलेल्या बोटींची तोंडे कुठे आहेत ते पाहा. दोघांच्या भांडणात कोण जिंकले ते त्या सांगतात. त्यांच्या तोंडाच्या दिशेनेच या.

एक डॉक्टर माझ्याकडे आले होते, तरुणपणी कॉलेजात डिंगीवर पदके मिळवलेले. सुकाणू असे हलके धरायचे की पाहत राहावे. जेटीला येताना त्यांनी डिंगीच्या सवयीने शेवटच्या क्षणी झोकात वळण घेतले आणि बोट थांबेना म्हटल्यावर जेटी आणि बोट यांच्या मध्ये पाय घातला. पाठीमागच्याने कॉलर धरून ओढले म्हणून घोटा शाबूत राहिला. डिंगी पायाने थोपवता येते, तीच सवय. दीड टन थोपवायला पाय नव्हे, फेंडर लागतो, म्हणजे ती रबरी उशी. हे त्यांना माहीत नव्हते असे नाही. सवय माहितीच्या आधी धावते.

तीन, दोर. डिंगीची दोरी तुमच्या हातात असते; हात दुखला तर सोडता, प्रश्न मिटतो. कीलबोटीच्या पुढच्या शिडाची दोरी विंचवर, म्हणजे दोर ताणायच्या फिरत्या नळकांड्यावर, घड्याळाच्या काट्याच्या दिशेने दोन-तीन वेढे देऊन घ्यावी लागते, कारण तो ताण हाताने पेलत नाही. वेढ्यांवर वेढा चढून अडकला की दोरी सुटतही नाही आणि ओढताही येत नाही. विंच आणि दोरी यांच्यामध्ये बोट, म्हणजे हाताचे बोट, कधीही नको. आणि डोक्यावरून जाणारा बूम, म्हणजे शिडाच्या खालच्या कडेची आडवी काठी. लेझरचा बूम लागला तर टेंगूळ येते. मोठ्या बोटीचा लागला तर रुग्णवाहिका. मागून वारा असताना बूम आपणहून एका बाजूची दुसऱ्या बाजूला आपटतो तेव्हा कोण कुठे बसले आहे, हे सुकाणूवाल्याला माहीत असलेच पाहिजे. डिंगीवर आपण एकटे किंवा दोघे. मोठीवर पाच जण, आणि वळण्याआधी पाचांना ऐकू जाईल असे बोलावे लागते. माझे अर्धे शिकवणे म्हणजे ‘मोठ्याने बोला’ हे आहे.

उलट बाजूही आहे. कीलबोटीवरच शिकलेला माणूस लेझरवर बसवला की त्याची गंमत बघावी. तो मधोमध बसतो, पाटावर बसावे तसा. दोरी अडकवून ठेवतो. दांडा घट्ट धरून हलवतो केव्हा, तर होडी कलल्यावर. दहा मिनिटांत पाण्यात. चांगले खलाशी असतात हो हे लोक, नकाशा वाचतात, भरती-ओहोटीचा हिशेब करतात. पण गालावर वारा फिरला हे त्यांना कळत नाही, कारण त्यांच्या बोटीने कधी विचारलेच नव्हते. मोठ्या बोटीवर वाऱ्याबरोबर जाताना तर वारा वाढतो आहे हे लक्षातच येत नाही. बोट सहा नॉटांनी त्याच दिशेने चाललेली, त्यामुळे अंगाला झुळूकच लागते, कोणी शर्टही काढून बसते. परत फिरून नाळ वाऱ्याकडे केली की कळते, इथे वीस नॉट आहेत आणि शीड लहान करायला हवे होते ते अर्ध्या तासापूर्वी.

सहा नॉट का म्हणालो तेही सांगतो, कारण मुले हमखास विचारतात की मोठी बोट हळू का. पाणी कापत जाणाऱ्या बोटीचा वेग तिच्या पाण्यातल्या लांबीवर अडतो. जे-२४ पाण्यात सुमारे सहा मीटर, म्हणून तिची मर्यादा साधारण सहा नॉट. लाटेवरून उतरताना किंवा स्पिनेकरच्या जोरावर ती थोडी ओलांडते. लेझर हलकी, चांगल्या वाऱ्यात ती पाण्यातून वर निघून पाण्यावरून घसरते आणि दहा नॉटांपलीकडेही जाते. पोरांना डिंगीवेड लागते ते यामुळे. त्यांना मोठ्या बोटीवर बढती म्हणजे शिक्षा वाटते. त्यात त्यांचे अगदीच चुकत नाही.

चार, खोली. आमच्या करंज्याच्या खाडीत ओहोटीला काय उरते ते पाहायला या. घारापुरीची जेटी एवढी लांब का बांधली, शिवडीला फ्लेमिंगो का येतात, दोन्हींचे उत्तर गाळ. डिंगीवाला फळी वर ओढतो आणि घोटाभर पाण्यातून निघून जातो. सव्वा मीटरची कील वर ओढता येत नाही. रुतली तर सगळ्यांनी वाऱ्याखालच्या बाजूला जाऊन बोट मुद्दाम कलवायची, कील थोडी वर येते, आणि ज्या वाटेने आलात त्याच वाटेने मागे निघायचे. भरती चालू असेल तर धीर धरा, पाणीच उचलेल. ओहोटी चालू असेल तर प्रत्येक मिनिट तुमच्या विरुद्ध. पाच मिनिटांत निघाला नाहीत तर डबा उघडा; पुढचे काही तास तुम्ही तिथलेच रहिवासी. माझे वडील ओहोटीला मुद्दाम रुतवून ठेवत आणि होडीचा तळ खरवडत. पण तो रुंद बुडाचा मचवा होता आणि तो त्यांचा बेत होता.

या सगळ्याचा अर्थ मुलांना कीलबोटीवर नेऊच नये असा नाही. आम्ही नेतो, शनिवारी, दोघातिघांना, दोर ओढायला आणि कान उघडे ठेवायला. पण सुकाणू पहिले धरायचे ते लहान होडीचे. आपल्याकडची नावे पाहा. १९८२ च्या एशियाडमध्ये शिडाच्या शर्यती इथेच, मुंबई बंदरात झाल्या आणि फारूख तारापोर व झरीर करंजिया यांनी फायरबॉल डिंगीवर सुवर्ण मिळवले. तारेला लटकून अंग पाण्यावर आडवे झोकायची बोट ती. २०२३ मध्ये हांगझोऊच्या एशियाडमध्ये नेहा ठाकूरने रौप्य आणतानाही होडी डिंगीच होती, इल्का ४, आणि विष्णू सरवणनचे कांस्य इल्का ७ वर. तिकडे १७ मीटरच्या ‘तारिणी’वर लेफ्टनंट कमांडर दिलना आणि रूपा या दोघीच गोव्यातून ऑक्टोबर २०२४ मध्ये निघाल्या आणि पृथ्वीला वळसा घालून मे २०२५ मध्ये परत आल्या. एवढ्या बोटीवर दोघीच, म्हणजे एक झोपली की दुसरी एकटी. तिथे ताकदीपेक्षा शीड वेळेआधी लहान करण्याची अक्कल लागते. ती अक्कल सुरू होते गालावरचा वारा ओळखण्यापासून.

मोठ्या माणसांबद्दलही एक मागणी आहे. काही ठिकाणी चाळिशीतल्या हौशी मंडळींना थेट कीलबोटीवर दोन शनिवार-रविवारांत ‘कप्तान’ करून प्रमाणपत्र देतात. त्यातल्या कितीकांनी कपड्यांसकट पाण्यात पडून परत बोटीवर चढून पाहिलेले असते? उंच काठाच्या बोटीवर भिजलेला प्रौढ माणूस वर घेणे किती अवघड, हे एकदा शांत पाण्यात करून पाहावे. एक सकाळ डिंगीवर काढायला लावा, मग प्रमाणपत्र द्या. आणि डिंगीवरून आलेल्यांना, मग ते पदकवाले का असेनात, आधी बोया पकडायला शिकवा, शर्यत नंतर.

पालकांना एवढेच सांगेन की शिबिर निवडताना बोट किती मोठी हे विचारू नका. सेफ्टी बोट किती, मुलांमागे शिकवणारे किती, पहिल्याच आठवड्यात होडी उलटवायला लावता का, हे विचारा. शेवटच्या प्रश्नावर जो ‘छे छे, आमच्याकडे उलटत नाही’ म्हणेल, तिथून निघा.

आता संपादकसाहेब, आपल्याकडे एक काम. पावसाळ्यात ‘आज साडेचार मीटरहून मोठ्या लाटा’ अशी चौकट आपण पहिल्या पानावर छापता. त्या लाटा नसतात, ती भरतीची उंची असते, हे एकदा दुरुस्त करावे. आणि शिडाचा खरा हंगाम ऑक्टोबर ते मे, तेव्हा नेमक्या भरतीच्या वेळा गायब होतात. त्या रोज छापा, भरतीच्या आणि ओहोटीच्या, मीटरमधल्या उंचीसकट. दोन ओळींची जागा लागेल. आमच्या कीलबोटवाल्यांना त्या लागतातच, पण भाऊच्या धक्क्यावरून मोऱ्याला जाणारे आमचे उरणकर ओहोटीला गाळामुळे लाँच बंद म्हणून ताटकळत बसतात, त्यांनाही घरून कधी निघायचे ते कळेल.

नाव छापू नये ही विनंती. क्लबातली पोरे आधीच फार बोलतात.

आपला,
एक शीड-शिक्षक, करंजा (ता. उरण)